शिवाजी पार्कचा कट्टा आणि खिशातला मोजणीदार

दादरच्या पश्चिमेला, समुद्राच्या अगदी शेजारी असलेले शिवाजी पार्क तुमच्यापैकी बहुतेकांना क्रिकेटमुळे किंवा जाहीर सभांमुळे ठाऊक असेल. १९२५ साली महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या या मैदानाला जो बुटका बांध वेढून आहे, तोच सुप्रसिद्ध कट्टा. त्यावर बसून मुंबईच्या तीन-चार पिढ्यांनी गप्पा मारल्या, लग्ने जमवली आणि सरकारे पाडली. वैद्यकीय दृष्टीने मात्र मला या कट्ट्याचे मोल एका वेगळ्याच कारणासाठी वाटते. त्याचा संपूर्ण वेढा १.१७ किलोमीटरचा आहे. वाचकहो, हा आकडा ध्यानात ठेवा. त्याच्या आधारे तुमच्या खिशातल्या फोनची परीक्षा घेता येते.

साठी-सत्तरीतल्या माणसाचे पाऊल साधारण अर्धा मीटर ते पंचावन्न सेंटिमीटर पडते. म्हणजे कट्ट्याची एक फेरी एकवीसशे ते तेवीसशे पावलांची झाली. फेरीच्या आरंभी फोनमधील पावलांचा आकडा पाहावा, फोन खिशात ठेवावा आणि फेरी पुरी झाल्यावरच पुन्हा बाहेर काढावा. आकडा या घरात असेल तर तुमचा मोजणीदार प्रामाणिक आहे असे समजा. तो बाराशे-तेराशेच दाखवीत असेल, तर त्याची दोन कारणे संभवतात. फोन हातात स्थिर धरला गेला असेल, किंवा तुमची चाल इतकी संथ आणि पाय घासत जाणारी असेल की फोनमधील हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेला पाऊल पडल्याचे कळतच नाही. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांच्या बाबतीत असे हमखास घडते. अशा वेळी पावले मोजण्याचा नाद सोडून मिनिटे मोजावीत. ज्यांच्या गावी शिवाजी पार्क नाही, त्यांनी देवळाची प्रदक्षिणा, शाळेचे मैदान किंवा सोसायटीचे आवार एकदा मोजून घ्यावे. अंतर नक्की ठाऊक असलेला एक रस्ता प्रत्येकाच्या आयुष्यात असावा, असे माझे मत आहे.

आता पहाटे साडेपाचच्या सुमारास माझ्याबरोबर या फेरीला चला. पर्जन्यवृक्षांखाली अजून काळोख असतो, समुद्राकडून खारा वारा येतो आणि पदपथावरून चालणाऱ्यांचा ओघ मात्र सुरू झालेला असतो. हिवाळ्यात मैदानातली तांबडी धूळ उडते, तेव्हा दम्याच्या रुग्णांना मी इथे यायला मना करतो. एरवी या वयाच्या माणसाला मुंबईत याहून बरी सपाट वाट मिळणे कठीण. बारकाईने पाहिलेत तर तुमच्या एक गोष्ट लक्षात येईल. पुरुषांचा फोन पँटच्या खिशात आहे. बायकांच्या साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसलाही बहुधा नसतो. त्यांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला असतो, नाही तर फ्रिजवर पडलेला असतो. घरात दिवसभर ओट्यापासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून गॅलरीपर्यंत त्या जी ये-जा करतात, ती कोणत्याच फोनच्या हिशेबात येत नाही. आजोबांची पावले जमा होतात, आजींची मोजलीच जात नाहीत, आणि मग घरातली मुले म्हणतात, ‘आई, तू अजिबात चालत नाहीस.’

माझ्याकडे येणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंची हीच कथा. वजन शहात्तर किलो, दोन्ही गुडघे झिजलेले, बारा वर्षांचा मधुमेह. मुलाने हौसेने नवा फोन आणून दिला आणि त्यात रोज दहा हजार पावलांचे ध्येय घालून दिले. पंधरा दिवसांनी त्या दवाखान्यात आल्या आणि फोन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे यंत्र मला रोज नापास करतं. मला नको ते.’ फोनमध्ये रोजची आठशे-नऊशे पावले दिसत होती. मी त्यांना विचारले की फोन असतो कुठे? उत्तर अपेक्षित तेच आले.

आम्ही पहिले काम केले ते शिवणाचे. कमरेला बांधता येईल असा कापडी बटवा त्यांनी स्वतःच शिवला. सासूबाई असाच बटवा वापरीत, असे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. फोनने रोज संध्याकाळी येणारी सूचना बंद केली. आणि पहिला आठवडा काहीही न बदलता, फक्त मोजायचे ठरवले. आठवड्याची सरासरी निघाली एकतीसशे. म्हणजे ज्यांना घरातले लोक आळशी ठरवत होते, त्या बाई गुडघेदुखी घेऊन रोज सुमारे दीड किलोमीटर घरातल्या घरात चालत होत्या. तिथून आम्ही पस्तीसशेवर गेलो, मग चार हजारांवर. दुखले की पुन्हा एक पायरी खाली. आठ महिन्यांनी त्या साडेपाच हजारांवर स्थिरावल्या आणि वजन बहात्तरवर आले. चार किलो म्हणजे काही फार नाही, असे तुम्ही म्हणाल. पण वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. प्रत्येक पावलाला सोळा किलो! जिना चढताना त्यांना हा फरक मोजून दाखवावा लागला नाही.

दहा हजार हा आकडा आला कुठून, हेही एकदा जाणून घ्या, म्हणजे त्याची भीती जाईल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीला आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव आकर्षक होते, आकडा पूर्ण होता आणि तो जगभर पसरला. कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून तो निघालेला नव्हता. वृद्धांविषयी प्रत्यक्ष अभ्यास झाला तो खूप नंतर. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांची पावले मोजून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज सत्तावीसशेच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे चालण्याने आणखी फायदा दिसला नाही. अशा निरीक्षणातून चालण्यामुळेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण चव्वेचाळीसशे पावले म्हणजे या कट्ट्याच्या जेमतेम दोन फेऱ्या, आणि त्यात घरातली पावलेही धरायची. हे ऐकून अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

कट्ट्यावरच्या एका लाडक्या समजुतीला मात्र मला धक्का द्यावा लागणार आहे. तीन फेऱ्या मारल्या की समोरचा बटाटेवडा फुकट, अशी येथील अनेकांची श्रद्धा आहे. ढोबळ मानाने, पासष्ट किलोच्या माणसाच्या एका फेरीत पन्नासेक कॅलरी खर्च होतात. एक वडा खाल्लात तर त्या तीनही फेऱ्या त्यातच संपल्या, आणि पाव आणि चहा तर अजून उरलाच आहे. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप आणि मन यांना मोठा लाभ होतो. वजन मात्र मुख्यतः ताटातून उतरते. इथेच फोनचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा उपयोग सुरू होतो.

आठ दिवस, तोंडात जे जे जाईल त्याचा खाण्याआधी एक फोटो काढायचा. चहाबरोबरची दोन बिस्किटे, देवळातला प्रसाद, नातवाच्या डब्यात उरलेली पोळी, मालिका पाहताना पुढ्यात आलेली शेवेची वाटी, सगळे. कॅलरीचा हिशेब करणारी ॲप्स आहेत, पण थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी आणि ओल्या नारळाची आमटी यांच्यापुढे त्यांचा अंदाज बऱ्याचदा डळमळतो, आणि सत्तरीच्या माणसाला ग्रॅममध्ये नोंदी करायला लावणे म्हणजे त्याचा छळ आहे. फोटो पुरेसा असतो. रुग्ण आणि मी शेजारी बसून ते छप्पन्न-साठ फोटो पाहतो आणि बहुतेक वेळा मला काही बोलावेच लागत नाही. ‘एवढी शेव मी खाते?’ हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो.

यासाठी महागडा फोन हवाच असे नाही, हेही सांगतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचा सल्ला आरंभी सर्वांना दिला गेला; त्यांपैकी साधारण निम्म्यांना त्यानंतर दोन वर्षे साध्या फोनवर आठवणीचे छोटे संदेश जात राहिले. संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. गंमत अशी, की दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. सुधारले होते ते मुख्यतः खाणे. ही माणसे मध्यमवयीन होती, म्हणून हा निष्कर्ष तसाच्या तसा तुमच्या-माझ्या आईवडिलांना लावता येणार नाही. तरी वेळेवर आलेली चार शब्दांची आठवण काय करू शकते, याचा तो आपल्याच देशातला पुरावा आहे.

आता फेरीच्या या टप्प्यावर जरा बसू. कट्टा बुटका आहे. त्यावरून हात न टेकता उठता येते का, हे पाहा. फोनने कधीही न मोजलेली ही गोष्ट तुमच्या मांड्यांच्या ताकदीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. उतारवयात नुसते कमी खाऊन वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेले स्नायू या वयात सहजासहजी परत येत नाहीत. मैदानातल्या समर्थ व्यायाम मंदिरात मुले मल्लखांबावर झाडाच्या वेलीसारखी वेढे घेताना दिसतात; आपल्याला तेवढे जमणे शक्य नाही, पण घरी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा उठणे-बसणे जमण्यासारखे आहे. सोबत प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, दूध, चालत असल्यास अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी हवेच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

याच कट्ट्यावर रोज बसणाऱ्या एका मंडळातले चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ मला आठवतात. परदेशी असलेल्या मुलीने प्रेमाने त्यांच्या फोनमध्ये वजनाची नोंद ठेवणारे ॲप घालून दिले होते आणि त्यात वजन कमी करण्याचे ध्येयही लिहिले होते. चार महिन्यांत रेषा सहासष्टवरून एकसष्टवर उतरली. दर आठवड्याला हिरवा रंग, चांदणी आणि अभिनंदनाचा संदेश येई. मुलगीही तिकडून शाबासकी देई. मंडळातले दोन मित्र त्यांना दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आले. ‘डॉक्टर, याच्या सदऱ्यात आता दोन माणसं मावतील. काहीतरी बघा.’ रक्ताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या केल्या, छातीचा एक्स-रे काढला. सारे ठीक होते. मग जेवणाविषयी विचारले. पत्नी जाऊन वर्ष झालेले, कवळी सैल झाल्याने पोळी चावेना, म्हणून दुपारी चहा आणि खारी, रात्री दूध आणि बिस्किट. आणि त्याविषयी कोणाला काही सांगायचीही इच्छा उरलेली नव्हती. ते वजन कमी करत नव्हते. ते हळूहळू जेवण सोडत होते, आणि यंत्र टाळ्या वाजवीत होते.

कवळी नव्याने बसवली, मऊ भाकरी-वरणाचा डबा लावला, दुपारचे जेवण आठवड्यातून दोनदा मित्रांच्या घरी ठरले. मन उभारी धरेना तेव्हा काही महिने औषधही दिले. वजन वाढू लागताच ॲप लाल रंग दाखवू लागले, तेव्हा त्यातले ध्येय बदलून ‘वजन टिकवणे’ असे केले. मुलीला मी एवढेच सुचवले की आकडा पाहण्याआधी व्हिडिओ कॉलवर वडिलांचे ताट पाहत जा. तुम्ही कुणा वृद्धाची काळजी घेत असाल तर ही खूणगाठ बांधा: प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत शरीराच्या वजनाचा विसावा भाग, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, कमी झाले तर अभिनंदन न करता डॉक्टरांकडे न्यावे.

याच्या उलटही घडते. ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली, उताणे झोपल्यावर दम लागू लागला, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असते. अशा रुग्णांनी वजन रोज सकाळी पाहावे. इतरांना आठवड्यातून एकदा पुरे. शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर, त्याच प्रकारच्या कपड्यांत. काटा गालिच्यावर ठेवू नका, फरशीवर ठेवा. आणि शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. भारतीय पुरुषांत नव्वद आणि स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेलेले पोट, वजन बेताचे असले तरी, दुर्लक्षिण्यासारखे नसते.

वजन उतरू लागले की गोळ्यांचा हिशेबही बदलतो, आणि हे कोणतेही ॲप तुम्हांला सांगणार नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने खाणे घटवले, फेऱ्या वाढवल्या आणि डोस तोच ठेवला, तर साखर अचानक खाली येऊ शकते: हाताला कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. फोनच्या बटव्यात साखरेची पुडी ठेवा. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे उठताना भोवळ येऊ लागली तर तेही कळवा. डोस मात्र स्वतः कमी करू नका. आणि चालताना फोन पाहू नका. न्यायालयाने २०१० साली शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले, तरी चालता चालता फोनवर मोठ्याने बोलणारी मंडळी पदपथावर रोज भेटतात; त्यांच्यामुळे माझ्या कानांना होणाऱ्या त्रासापेक्षा मला त्यांच्या खुब्याच्या हाडाची काळजी अधिक वाटते.

किती उतरवायचे, हा प्रश्न राहिला. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम, एवढेच ध्येय दिले होते. मधुमेह होण्याचे प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटले आणि साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. पंचाहत्तर किलोच्या माणसाला हे पाच किलोच झाले, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागले तरी चालेल. पण सत्तरीच्या पुढे, आधीच सडपातळ असलेल्या किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या व्यक्तीने वजन उतरवण्याच्या फंदात पडूच नये.

माझ्या रुग्णांना मी रविवारी सकाळी एकच संदेश पाठवायला सांगतो: वजन, महिन्यातून एकदा पोटाचा घेर, आठवड्यातील पावलांची सरासरी, खुर्चीतून किती वेळा उठलात, आणि काही त्रास झाला का. आकडे लिहिणे जमत नसेल तर काट्याचा फोटो चालतो, नाही तर बोलून पाठवावे. मी ते बुधवारी दुपारी वाचतो आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले असते. कारण छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा शुद्ध हरपणे यांसाठी संदेश टाइप करीत बसायचे नसते, १०८ ला फोन लावायचा असतो. वजन घटवणारी पावडर, चहा किंवा चमत्कारिक काढा यांचे जे संदेश फिरत येतात, ते पुढे पाठवण्याआधी मला पाठवा, असेही सांगितले आहे. कोणतेही ॲप बँकेचा ओटीपी मागू लागले तर ते त्याच क्षणी काढून टाकावे. बहुतेक आजी-आजोबांचे संदेश अजूनही गुलाबाच्या चित्रावर ‘सुप्रभात’ लिहून येतात. पण हल्ली त्या गुलाबाखाली एक ओळ असते: ७२.४ किलो, पावले ५,३००, गुडघा बरा.